काळ्या जमिनीतील कर्बसाठा (परभणी जिल्हा)

परभणी जिल्ह्यातील गोदावरी-पूर्णा खोऱ्याची काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनली. रंगावरून ती सेंद्रिय कर्बाने समृद्ध वाटते; पण थोडासा ह्यूमसही चिकणमातीला घट्ट चिकटून तिला काळी करतो, आणि कडक ऊन व वारंवार नांगरट यांमुळे कर्ब वायुरूपाने निघून जातो. खालच्या थरातील चुनखडीच्या खड्यांत कर्ब आहेच, मग काळजी कशाची, असा आक्षेप घेता येईल. मात्र तो कर्ब जिवाणूंचे अन्न होत नाही, उन्हाळ्यात भेगाळलेली ढेकळे भुसभुशीत करत नाही. म्हणून कापसाच्या पऱ्हाट्या न जाळता त्यांचे बारीक तुकडे करून कुजवणे, शेणखत घालणे आणि भरपूर पानगळ देणाऱ्या तुरीला पीकपद्धतीत स्थान देणे, हाच साठा राखण्याचा खात्रीचा मार्ग होय.