अक्षर न लागे तेव्हा

मराठी भाषेत 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार रूढ आहे. दिनांक ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. 'नारायणरावास धरावे' या आज्ञेतील एक अक्षर पालटून कोणी 'मारावे' असे केले, ही आख्यायिका त्या घटनेशी जोडली गेली. तिच्या खरेपणाचा विचार इतिहासकारांनी पुष्कळ केला असून तो येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस निराळीच गोष्ट सुचवावयाची आहे. अक्षर मुद्दाम पालटणारा हजारांत एखादा असतो. परंतु अक्षर न लागल्यामुळे अंदाजाने भलतेच वाचणारे आणि तो अंदाज पुढच्या पिढीस खरा म्हणून देणारे सर्वत्र असतात. त्यांच्या मनात कपट नसते, म्हणूनच त्यांची चूक कोणी शोधीत नाही. चूक वंशावळीत झाली तर एखादा पूर्वज वाढतो किंवा कमी होतो. ती औषधाच्या नोंदीत झाली तर काय होईल, हे सांगावयास नको.

बीदर व कलबुर्गी या सीमाभागांतील जुन्या मराठी घराण्यांना हा प्रश्न इतरांहून अधिक जवळचा आहे. आपल्या घरांतील लाकडी पेट्यांत एकाच लिपीचे कागद क्वचितच सापडतात. गावच्या कुलकर्ण्याचा हिशेब मोडीत, सरकारी सनद फारसीत, १८८० च्या दशकानंतरचे निजामी दरबारचे कागद उर्दूत, शेजारव्यवहार कानडीत आणि पूजेची पोथी बाळबोधीत, अशी ही मिश्र संपत्ती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मुंबई राज्यात, झहीराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात गेला. सीमा बदलल्या, शाळेची भाषा बदलली. पेट्या मात्र जागच्या जागी राहिल्या. शासकीय सेवेच्या काळात अशी दप्तरे चाळण्याचे प्रसंग आम्हांस आले. त्यांत जमिनीच्या कागदांइतकीच आमची जिज्ञासा चाळवली ती वैद्यकीच्या बाडांनी. घरोघरी कोणीतरी वैद्यकी जाणणारा असे आणि तो काढे, चूर्णे, लेप, मात्रा आपल्या हाताने बाडात उतरवून ठेवी.

मोडी आणि वैद्यक यांचा संबंध एका मोठ्या नावापाशी येऊन मिळतो, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील करणाधिप हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने मोडी लिपी प्रचारात आणली, अशी परंपरागत समजूत आहे. ती वादग्रस्त असली तरी याच हेमाद्रीने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली, यात वाद नाही. ज्याच्या नावावर जलद लेखनाची लिपी सांगितली जाते, त्याच पंडिताने वैद्यकग्रंथातील अवघड शब्दांचा अर्थ उलगडण्यासाठी एवढे परिश्रम घ्यावेत, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

मोडीचा गुण तिचा वेग आणि दोषही तोच. आधी ओळभर रेघ ओढावयाची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे लगडीत जावयाचे. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही आणि अनुस्वार बहुधा गाळलेला. व्यवहाराच्या पत्रात याने फारसे अडत नाही, कारण मजकूर ठरीव साच्याचा असतो. वैद्यकीच्या बाडात मात्र पावलोपावली अडते. 'शिर' म्हणजे मस्तक आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. मोडीत दोन्ही एकच. 'शिर दुखते' यावरून रोग डोक्याचा की शिरेचा, ते कळणार नाही. परंतु पुढे क्रियापद भूतकाळी आले तर व्याकरण मदतीस येते, कारण शिर 'दुखले' असेल आणि शीर 'दुखली' असेल. 'वांती' या शब्दावरचा अनुस्वार गळाला की 'वाती' उरते. व्रणात औषधी वात घालण्याची पद्धत वैद्यकात असल्यामुळे 'वाती' हाही तेथे शोभणारा शब्द आहे. शिवाय वातविकाराचा 'वात' जवळच उभा असतो. म्हणजे उलटी, व्रण आणि संधिवात या तिघांपैकी औषध कोणावरचे, हे एका टिंबावर ठरावयाचे!

याहून बिकट प्रश्न मानाचा. जुन्या लेखनात अंकापुढील एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. '१॥' म्हणजे दीड. पण हीच दुहेरी रेघ अक्षरापुढे आली की ती शब्दाचा संक्षेप दाखविते. 'क॥' म्हणजे कसबे, तसेच एकेरी रेघेने 'मौ।' म्हणजे मौजे, हे आपल्यांतील वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे. घाईने लिहिलेल्या ओळीत ही रेघ मागच्या अक्षराची की पुढच्या मापाची, हा संशय सहज उत्पन्न होतो. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक ध्यानात घेता गुंजेच्या जागी मासा वाचला तर औषध आठपट होते. सुंठ-मिऱ्याच्या बाबतीत पोट जळण्यावर निभावेल. परंतु याच बाडांतून बचनाग, सोमल, पारा आणि बिब्बा यांचेही पाठ असतात. तेथे पावाचा अर्धा झाला तरी गोष्ट जिवाशी येते.

निजामी अमलातील कागदांकडे वळले म्हणजे अडचण वेगळ्या रूपात भेटते. हैदराबादेत १८४६ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकविले जाई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही उर्दू हेच शिक्षणाचे माध्यम स्वीकारले. हकिमांचे नुस्खे तर उर्दू-फारसीतच असत. या लिपीत कित्येक अक्षरांचा सांगाडा एकच असून भेद केवळ नुक्त्यांचा असतो, आणि शिकस्ता वळणाने भरभर लिहिणारा नेमके नुक्तेच गाळतो. मग 'तेल', 'बेल' आणि 'नील' हे तीन शब्द कागदावर हुबेहूब एक दिसतात. तिळाचे तेल, बेलाचे फळ आणि नीळ या तीन अगदी भिन्न वस्तू असून तिन्ही औषधाच्या यादीत येऊ शकतात. वाचणाऱ्याची उर्दू कितीही चांगली असली तरी केवळ डोळ्यांनी हा शब्द लागत नाही. औषध काय आहे हे कळल्यावरच तो लागतो.

तिसरी गाठ कानडीची. आपले पूर्वज घरी मराठी आणि बाजारात कानडी बोलत. गांधी ज्या नावाने वस्तू देई, तेच नाव बाडात उतरे. कानडीत मिऱ्यास 'मेणसु' म्हणतात. मोडीत शब्द तुटक लिहीत नसल्याने पुण्याकडील वाचक यातून 'मेण' वेगळे काढील आणि उरलेल्या 'सु'चे काय करावे म्हणून विचारात पडेल. लेपात मेण चालते, काढ्यात मेणाचे काम नाही. तेवढ्यावरून त्याने सावध व्हावयास हवे. कानडीत वेखंडाचे नाव 'बजे'. 'मध ३ बजे २' अशी ओळ समोर आली, तर दखनी कानाचा माणूस मध तीन वाजता घ्यावयाचा असे समजेल. परंतु जुना वैद्य वेळ सांगताना प्रहर-घटका सांगतो, घड्याळ सांगत नाही. हे ज्यास ठाऊक त्यास येथे मध तीन भाग आणि वेखंड दोन भाग असा अर्थ लागेल. अक्षर स्वच्छ असूनही वस्तू संदिग्ध राहते ती निराळीच. 'ब्राह्मी' या एका नावाखाली दोन भिन्न वनस्पती वापरल्या जातात आणि कानडी मुलुखात जिला 'ओंदेलग' म्हणतात ती त्यांपैकी एक. बाडातील ब्राह्मी कोणती, हे लिपी सांगू शकत नाही. ते गावचे रान सांगेल.

मग न लागणारे अक्षर लावावे तरी कसे? जाणत्यांची रीत अशी की, प्रथम त्याच हाताने लिहिलेल्या निःसंशय शब्दांतून त्या लेखकाची बाराखडी तयार करावी, कारण मोडी एकच असली तरी हात वेगवेगळे असतात. नंतर मजकुराचा साचा पाहावा. पाठात रोग, द्रव्य, मान, अनुपान आणि पथ्य असा क्रम बहुधा असतो. अडलेला शब्द कोणत्या जागी आहे हे कळले की निम्मे काम होते. त्यानंतर तोच पाठ बाडात अन्यत्र किंवा छापील ग्रंथात आहे का, हे पाहावे. शेवटी त्या विद्येच्या जाणकारास विचारावे. एवढे करूनही शब्द लागला नाही, तर जागा मोकळी सोडून तसे स्पष्ट लिहावे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हापासून अस्सल कागद छापण्याची जी शिस्त मराठीत रुजली, तिचे मर्म हेच आहे. फाटले तेथे फाटले म्हणावे आणि तर्क केला तेथे तर्क म्हणून दाखवावे.

आपल्याप्रमाणेच परमुलखात राहून मराठी जतन करणाऱ्या तंजावरच्या मराठ्यांचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. दुसरे सरफोजी राजे (१७७७ ते १८३२) यांनी वैद्यकासाठी धन्वंतरी महाल चालविला. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात असून चाळिसांहून अधिक रुग्णांची ती टिपणे इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. शस्त्रक्रिया स्वतः राजांनी केल्या की त्यांच्या आश्रयाने इतरांनी, याविषयी अभ्यासकांत चर्चा चालते. आणि अशा चर्चेचा निर्णय एखाद्या क्रियापदाच्या वाचनावर अवलंबून असतो. 'केले' आणि 'करविले' यांत थोडक्या अक्षरांचा फरक, पण त्यावर राजा शल्यवैद्य ठरावयाचा की आश्रयदाता! अडलेल्या जागी दुसऱ्या भाषेतील नोंद पडताळ्यास मिळणे हे मात्र त्या कागदांचे भाग्य. आपल्या बाडांस ते लाभलेले नाही.

हा सारा जुन्या काळचा प्रश्न, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी डॉक्टरांनी ध्वनिमुद्रित केलेली टिपणे ऐकून टंकलिखित करण्याचा व्यवसाय भारतात वाढला. बंगळूर-हैदराबादेत आपल्याकडील शिकलेल्या मुलामुलींनाही तो परिचित झाला. या वैद्यकीय प्रतिलेखनात 'हायपर' आणि 'हायपो' यांत कानाला जेमतेम फरक जाणवतो; एकाने रक्तदाब वाढलेला ठरतो, दुसऱ्याने उतरलेला. त्या व्यवसायाचा पहिला नियम असा की शब्द ऐकू आला नाही तर अंदाज लिहू नये, जागा रिकामी ठेवून डॉक्टरकडे परत पाठवावे. राजवाड्यांच्या परंपरेतील शिस्त आणि या तरुणांची शिस्त यांत तिळमात्र अंतर नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली काही घातक संक्षेपांना बंदी केली. त्यांत 'युनिट'बद्दल लिहिलेले एकटे 'यू' हे अक्षर होते, कारण ते शून्यासारखे वाचले जाऊन मात्रा दसपट होण्याची भीती होती. आपल्या दुहेरी रेघेचीच ही दूरची बहीण. भारतीय वैद्यक परिषदेनेही २०१६ साली औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असा नियम केला.

आता आपल्या घरांविषयी. मोडी शाळेतून गेली, उर्दू शिकलेली पिढी बहुतांशी संपली. अशा वेळी घरातील बाड कोणी हौसेने बाळबोधीत उतरवून काढतो, त्याच्या सुबक प्रती नातलगांत वाटल्या जातात आणि मूळ जीर्ण कागद निरुपयोगी म्हणून नदीत सोडला जातो. हेतू उत्तम, परंतु परिणाम घातक. स्वच्छ प्रतीत संशय दिसत नाही. मूळ लेखकाचा हात आणि उतरवणाऱ्याचा तर्क एकाच शाईत मिसळून जातात, आणि मूळ नष्ट झाल्यावर ते वेगळे करण्याचा उपाय उरत नाही.

म्हणून आमची वाचकांस तीन गोष्टींची विनंती आहे. मूळ बाड कितीही कुरतडलेले असो, ते टाकू नये. त्याची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. प्रत करताना न लागलेल्या शब्दाची जागा ठिपक्यांनी मोकळी ठेवावी आणि अंदाज असल्यास तो समासात लिहावा. आणि बाडातील कोणताही पाठ, विशेषतः विषद्रव्यांचा, केवळ आजोबांचा हात म्हणून शिकलेल्या वैद्याच्या सल्ल्यावाचून कोणास देऊ नये. मोडीस २०१४ साली संगणकाच्या युनिकोड लिपिसंचात स्थान मिळाले आहे, तरुण मंडळी ती हौसेने शिकूही लागली आहेत. आज आपणांस न लागलेला शब्द उद्या त्यांच्यापैकी कोणास लागेल. मात्र त्यासाठी तो शब्द आपण भलत्या शब्दाने झाकलेला नसावा.