स्कूटरवरून आलेले वळू

बिहारच्या चारा घोटाळ्यातला एक तपशील पहिल्यांदा वाचला, तेव्हा मी खूप हसलो होतो. हरियाणा-दिल्लीहून रांचीला वळू आणल्याची बिलं मंजूर झाली होती. तपासात गाड्यांचे नंबर पाहिले, तर काही चक्क स्कूटर आणि मोटारसायकलींचे निघाले. वळू डबलसीट आले!

हसून झालं, पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. हे वर्षानुवर्षं चालू होतं, तेव्हा पोलीस कुठे होते?

पोलीस त्यांच्या रोजच्या कामात होते. चोऱ्या, मारामाऱ्या, दरोडे, खून. कुणाचा खिसा कापला गेला की तो ठाण्यात जातो, फिर्याद देतो. सरकारी कोषागारातून खोट्या बिलांवर पैसे गेले, तर फिर्याद कुणी द्यायची? ज्या पशुसंवर्धन खात्याने द्यायची, तिथलेच अधिकारी पुरवठादारांना सामील होते.

खुणा दिसत होत्या. बिहारच्या कोषागारांचे महिन्याचे हिशेब वेळेवर येत नाहीत, असं 'कॅग' टी. एन. चतुर्वेदी यांनी १९८५ मध्येच बजावलं होतं. पण उशिरा आलेल्या हिशेबामागे कोण पोलीस लावणार? काँग्रेसचं सरकार गेलं, जनता दलाचं आलं. बिलं निघतच राहिली.

अखेर चोरी उघड झाली ती साध्या बेरीज-वजाबाकीने. जानेवारी १९९६ मध्ये राज्याच्या वित्त विभागाने जादा उचल तपासायला सांगितली. अमित खरे तेव्हा पश्चिम सिंहभूमचे उपायुक्त होते, म्हणजे आपल्याकडचे जिल्हाधिकारी. त्यांनी २७ जानेवारीला चाईबासात पशुसंवर्धन खात्याच्या कार्यालयांवर छापे टाकले. मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त पैसे उचलले गेले होते आणि बरेच पुरवठादार फक्त कागदावर होते. मार्चमध्ये पाटणा उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. घोटाळ्याचा आकडा सुमारे ९५० कोटींपर्यंत गेला.

चाईबासा कोषागाराच्या ३७.७ कोटींच्या खटल्यात लालूप्रसाद यादव आणि जगन्नाथ मिश्र या दोन माजी मुख्यमंत्र्यांना विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं, ते २०१३ मध्ये. छाप्यानंतर १७ वर्षांनी. दोरांडा कोषागाराच्या १३९ कोटींच्या खटल्याचा निकाल तर २०२२ मध्ये लागला.

आता मला त्या वळूंचं हसू येत नाही. चाईबासा आज झारखंडात आहे, आणि तो आदिवासी मुलूख आहे. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याची गाय औषधावाचून मेली असेल, त्याच दिवशी कोषागारात त्या औषधाचं बिल वटलं असेल. या चोरीचा खरा फिर्यादी तोच. पण तो ठाण्याची पायरी कशी चढणार? आपल्याकडे चोरी झालीय, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.