शिक्षकाची शंका : सत्येंद्रनाथ बोस



आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने एका पदार्थवैज्ञानिकाविषयी बोलावे, हे काहींना धाडस वाटेल. परंतु सत्येंद्रनाथ बोस (१८९४–१९७४) यांचे चरित्र मला प्रथम एका शिक्षकाचे चरित्र वाटते.

१९२१ साली बोस कलकत्त्याहून नव्या ढाका विद्यापीठात प्रपाठक म्हणून गेले. तेथे प्लांकचा १९०० सालचा प्रारणनियम शिकवताना त्यांना एक विसंगती खटकू लागली. नियम ऊर्जेच्या पुंजांविषयी बोलत होता. त्याच्या सिद्धतेतील एक पायरी मात्र जुन्या तरंगसिद्धांताकडून उसनी घेतलेली होती. जे आपल्यालाच पटत नाही, ते विद्यार्थ्यांना कसे पटवावे? या अस्वस्थतेतून बोसांनी निव्वळ पुंजकल्पनेवर उभी असलेली सिद्धता शोधली.

तिचे मर्म असे : दोन नाणी उडवली, तर एक छापा व एक काटा पडण्याची शक्यता निम्मी असते, कारण ही जोडी दोन प्रकारे जुळते. परंतु नाणी इतकी एकरूप मानली, की त्यांची अदलाबदल हा निराळा प्रकारच उरत नाही, तर तीनच अवस्था राहतात व प्रत्येकीचा वाटा एकतृतीयांश होतो. प्रकाशकणांची गणना बोसांनी अशी केली.

४ जून १९२४ रोजी त्यांनी हा निबंध आइन्स्टाइनकडे धाडला. आइन्स्टाइनने स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो प्रसिद्ध करविला व तीच गणना वायूच्या अणूंना लावली. त्यातून वर्तविलेली द्रव्याची अतिशीत अवस्था १९९५ साली अमेरिकेत प्रयोगाने सिद्ध झाली. २००१ चे नोबेल त्या प्रयोगकर्त्यांना मिळाले. बोसांना ते कधीच लाभले नाही. त्यांच्यापाशी डॉक्टरेटही नव्हती. ढाक्यातील प्राध्यापकपदासाठी आइन्स्टाइनची शिफारस उपयोगी पडली. माझ्या नावामागे ती पदवी आहे, म्हणून हे सांगताना थोडा संकोच वाटतो.

१९४८ मध्ये बोसांनी कलकत्त्यात ‘बंगीय विज्ञान परिषद’ स्थापन करून बंगालीतून विज्ञानप्रसार आरंभिला. मला या दोन्ही कार्यांचे मूळ एकच दिसते : समोरच्या मुलाला खरोखर कळले पाहिजे, हा आग्रह.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आपणांस ‘मराठीतून विज्ञान कसे शिकविणार?’ असे नेहमी विचारले जाते. जगाच्या विज्ञानात भर घालणाऱ्या बोसांना मातृभाषेतून शिकविणे कमीपणाचे वाटले नाही. आपल्या शिक्षकांनाही ते वाटू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.