वही कोणाच्या हाती?

एखाद्याचा मुलगा डॉक्टर झाला म्हणजे साऱ्या गावाला आनंद होतो. आपल्याला हक्काचा एक डॉक्टर मिळाला, असे वाटते. मुलगी मास्तरीण झाली तरी तसेच. पण "आमचा पोरगा कॉमर्सला आहे" असे कोणी सांगितले, की लोक एवढेच विचारतात, "मग बँकेत लागेल का?" पैशाचे शिक्षण पैसे मिळविण्यापुरते, त्यात गावाचे काय भले व्हायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत खानदेशाच्या इतिहासावर जरा घासून पाहावी, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

सुरुवात कापसापासून करू. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठची आपली काळी जमीन कपाशीची जुनी ओळखीची. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि विलायतेच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस आटला. त्याच सुमारास आगगाडीचा लोखंडी रस्ता चाळीसगाव, जळगाव करीत भुसावळकडे येत होता. कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. शेतकऱ्याने हात सैल सोडला, सावकारानेही मोकळ्या हाताने कर्ज दिले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. भाव गेला, कर्ज मात्र राहिले.

हे कर्ज राहिले कुठे? तर वहीत. आणि वही शेतकऱ्याला वाचता येत नव्हती. मुद्दल किती, व्याज किती, मनोती किती, मागच्या साली घातलेला माल कोणत्या भावाने जमा धरला, हे सारे एकट्या सावकाराला ठाऊक. शेतकऱ्याकडे फक्त अंगठा. सगळेच सावकार लबाड होते, असे म्हणणे न्यायाचे नाही. अवर्षणाच्या साली बी-बियाण्याला पैसा देणारे दुसरे दारही नव्हते. पण हिशेब एकाला कळतो आणि दुसऱ्याला कळत नाही, तिथे चांगल्या माणसाचीही नियत फिरायला वेळ लागत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला. दंग्याचे लोण पुणे-नगर भागात पसरले. त्या लोकांचा मुख्य रोख कशावर होता, पाहा. त्यांनी खते आणि दस्तऐवज मागून घेतले आणि जाळले. आपला शत्रू कागदात लपलेला आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. सरकारने चौकशी केली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण कागद जळाला म्हणून पेरणीची गरज काही जळत नाही. मृग बरसला, की शेतकरी पुन्हा त्याच ओट्यावर. म्हणजे वही जाळणे हा काही तोड नव्हता. वही आपल्या माणसाच्या हाती येणे, हाच खरा तोड होता.

तो मार्ग १९०४ साली मोकळा झाला. त्या वर्षी सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. दहा-वीस शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सोसायटी काढावी, एकमेकांना जामीन राहावे आणि रास्त व्याजाने कर्ज घ्यावे, अशी योजना. गावोगावच्या सोसायट्यांना पैसा पुरविण्यासाठी १९११ साली मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. आणि १९१३ साली मुंबईतच सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. जमाखर्च, बँकिंग, व्यापार ही विद्या पदवीसाठी शिकविणारे आपल्याकडचे हे पहिले कॉलेज. या तारखा एकमेकींच्या किती जवळ आहेत, हे शिक्षक मंडळींनी फळ्यावर लिहून मुलांना दाखवावे. एकीकडे शेतकऱ्याची बँक उभी राहत होती, दुसरीकडे बँक चालविण्याची विद्या आपल्या मुलांच्या हाती येत होती.

या काळातली दोन नावे सांगतो. पहिले वैकुंठभाई मेहता. पदवीधर तरुण, मनात आणते तर एखाद्या पेढीत गडगंज कमावते. त्यांनी सहकारी बँकेचे काम पत्करले आणि सुमारे ३५ वर्षे तेच केले. पुढे ते मुंबई राज्याचे अर्थमंत्री झाले. पुण्यातील सहकार-शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आज त्यांचे नाव धारण करते. दुसरे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. शेतीचे तुकडे पडण्याच्या प्रश्नावर त्यांनी १९१८ सालीच निबंध प्रसिद्ध केला. वाणिज्याच्या वर्गात उभा राहून कोरडवाहू शेतकऱ्याचा विचार करता येतो, याचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

पण खेड्यापर्यंत हे पाणी पोहोचले का? फार थोडे. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली आला. आपले धनंजयराव गाडगीळ त्या समितीवर होते. शेतकरी जे कर्ज काढीत होता, त्यातल्या शंभर रुपयांपैकी सोसायट्यांचे होते जेमतेम ३ रुपये. सावकारांचे सुमारे ७०! कायदा होऊन पन्नास वर्षे झाली, तरी ही स्थिती. समितीने जे उपाय सुचविले, त्यांत सरकारी भांडवलाबरोबर शिकलेल्या, तयार केलेल्या नोकरवर्गाचाही आग्रह होता. चोख वही लिहिणारा माणूस नसेल, तर सोसायटीचा पैसा झिरपून जातो, हे ओळखूनच तो धरलेला होता.

सातपुड्यात तर ही गरज आणखी मोठी. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचा आजचा जळगाव. पश्चिमेचा धुळे, आणि त्यातून १९९८ साली वेगळा निघालेला नंदुरबार. पश्चिम खानदेशच्या जंगलात भिल्ल, पावरा बांधव लाकूडतोड करीत, नफा ठेकेदार नेई. स्वराज्यानंतर मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. कूप तोडायचे काम संस्थेनेच घ्यावे आणि नफा तोडणाऱ्यांतच वाटावा, अशी ही कल्पना. आता विचार करा, हजेरीपट लिहायचा कोणी? लाकडाचे माप, मजुरी, वाहतूक, शिल्लक यांचा मेळ घालायचा कोणी? तिथे कुऱ्हाडीइतकीच लेखणी लागते.

ही लेखणी चालवायला शिकायचे, तर खानदेशच्या मुलाला कॉलेजसाठी लांब जावे लागे. १९४५ साली जळगावात मूळजी जेठा आणि अमळनेरात प्रताप अशी दोन महाविद्यालये निघाली, तेव्हा शिक्षण दाराशी आले. दोन्ही नावे व्यापाऱ्यांची आहेत, बरं का! अमळनेरचे प्रतापशेठ गिरणीमालक. त्यांनी १९१६ साली गावात तत्त्वज्ञान मंदिर उभारले, शाळेला सढळ हाताने दिले. त्याच शाळेत १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. व्यापारातून मिळवावे आणि समाजाला द्यावे, ही आपल्याकडची जुनी आणि आदराची रीत.

पण याहून वेगळा एक प्रश्न आहे. दान नंतर, आधी धंदाच असा निवडता येईल का, की तो चालला तर लोकांचे भले व्हावे? याचे उत्तर शोधणारा एक वाणिज्य पदवीधर जळगाव जिल्ह्यातच होऊन गेला. भवरलाल जैन, जन्म १९३७, गाव जामनेर तालुक्यातले वाकोद. मुंबईस जाऊन त्यांनी वाणिज्य आणि कायदा या पदव्या घेतल्या. स्पर्धा परीक्षेतून राजपत्रित अधिकाऱ्याची जागा चालून आली होती. पण माणसे, गुरेढोरे आणि झाडेझुडपे यांच्या उपयोगी पडेल असे काही कर, असे आईचे सांगणे. तरुणाने नोकरी सोडली आणि घरातल्या तीन पिढ्यांच्या शिलकेतले ७००० रुपये घेऊन १९६२ च्या सुमारास रॉकेलविक्री सुरू केली! पुढे खते, बियाणी, ट्रॅक्टर, पाइप अशा शेतीला लागणाऱ्या वस्तूंचा व्यापार केला. १९७८ साली बंद पडलेला केळीच्या पिठाचा कारखाना घेऊन तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढले, तेव्हा शेतकऱ्याच्या पपईला नवे गिऱ्हाईक मिळाले.

१९८० नंतरच्या दशकात त्यांनी ठिबक सिंचन हाती घेतले. रावेर-यावलची केळी पाण्याला किती खादाड, हे त्या भागातल्या वाचकांना मी काय सांगावे? विहिरी खोल चालल्या होत्या. नळीने थेंब थेंब पाणी मुळाशी द्यायचे, म्हणजे तेवढ्याच पाण्यात अधिक रान भिजते. पण ही नळी महाग. मग शेतकऱ्याला ती परवडावी कशी, अनुदान किती, कर्ज किती, किती हंगामांत पैसा सुटेल? हा सारा वाणिज्याचाच हिशेब. पुढे उतिसंवर्धित केळीची रोपे आली. जुन्या कंदाच्या बागेला सुमारे दीड वर्ष लागे, ती वर्षभरात घड देऊ लागली. पांढऱ्या कांद्याचा किमान भाव आधी ठरवून खरेदीचे करार झाले. १८६५ साली शेतकऱ्याला बुडविले ते भावाच्या अनिश्चितीने. या करारात कारखानदाराने त्या अनिश्चितीचा काही भार आपल्या अंगावर घेतला. २००८ साली भवरलालजींना पद्मश्री मिळाली. २०१२ साली जळगावात गांधीतीर्थ उभे राहिले. २०१६ साली ते निवर्तले.

मात्र भले करणाऱ्या धंद्यालाही जमाखर्चाचा नियम चुकत नाही. त्यांच्या पश्चात, २०१९ साली, कंपनीची कर्जफेड थकली आणि २०२२ साली कर्जाची पुनर्रचना करावी लागली. आणि याच जळगाव जिल्ह्यात या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अनेक पतसंस्था अडचणीत आल्या. हजारो ठेवीदारांची आयुष्याची पुंजी अडकली. लेकीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, आजारपणाचे पैसे! दीडशे वर्षांपूर्वी अंगठा देणाऱ्याला वही वाचता येत नव्हती. या ठेवीदारांत तर शाळा शिकलेले कितीतरी होते, आणि तरीही संस्थेचा ताळेबंद उघडून पाहण्याची सवय किती जणांना होती?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवितो. आठवी-नववीच्या मुलांसमोर आपल्याच गावच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल ठेवा. येणे कोणते, देणे कोणते, थकबाकी किती आणि ती कोणत्या वर्षापासूनची, हे त्यांच्याकडून काढून घ्या. शंका निघतील त्या लिहून घ्या आणि सोसायटीच्या सचिवाला वर्गात बोलवा. सभासद मंडळींनी वार्षिक सभेला चहापुरते न जाता लेखापरीक्षकाचा शेरा मोठ्याने वाचायला सांगावे. त्या वर्गातली एखादी मुलगी उद्या कॉमर्सला जाईल आणि लेखापरीक्षक होऊन कुठल्याशा तालुक्याच्या पतसंस्थेत वही उघडून बसेल. खोटी नोंद दिसली आणि तिने सही करायला नकार दिला, तर त्या दिवशी हजार घरे वाचतील. तिला हार कोणी घालणार नाही, कारण काय टळले ते कोणाला कळणारच नाही.

तेव्हा यापुढे कोणी म्हणाले, "आमची पोरगी कॉमर्सला आहे," तर बँकेत लागेल का, हे खुशाल विचारा. पण त्याच्या आधी एक विचारा, "बाई, आमच्या सोसायटीची वही एकदा बघून देशील का?"