मोजणाऱ्यांची पदनामे

1981च्या जनगणनेत माझी आई घाटकोपरच्या चाळींत दारोदार फिरली. एरवी ती शाळेत शिक्षिका; त्या फेब्रुवारीत मात्र ‘प्रगणक’. तिच्यावर पर्यवेक्षक, त्याच्यावर चार्ज अधिकारी. चाळीच्या लेखी ती फक्त ‘जनगणनेच्या बाई’.

या पदनामांचा माग काढत मी पेशवाईपर्यंत गेलो. कुलकर्णी गावचा हिशेब लिही, देशपांडे परगण्याचा. मुजुमदार तो तपाशी, फडणीस दफ्तर सांभाळी. कामे एकमेकांत मिसळत, पायऱ्या मात्र ठरलेल्या. पुढे पदे गेली, आडनावे उरली.

स्वातंत्र्यानंतर आकड्यांचे काम वाढले. 1950मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. 1956मध्ये मुंबईत लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण देणारे केंद्र निघाले, तीच आजची देवनारची संस्था. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात खालून वर अन्वेषक, सांख्यिकी सहायक, संशोधन अधिकारी अशी उतरंड आहे. अन्वेषण म्हणजे शोध, संशोधन म्हणजेही शोधच. अर्थ जवळजवळ एक, पगार वेगळा.

आज अंधेरीच्या कचेऱ्यांत ‘डेटा ॲनालिस्ट’ आणि ‘डेटा सायंटिस्ट’ शेजारी बसतात. पहिल्याने झालेले उलगडायचे, दुसऱ्याने होणारे वर्तवायचे, अशी ढोबळ वाटणी सांगतात. नोकरीच्या जाहिरातींत मात्र दोघांची कामे बरीचशी सारखीच दिसतात.

मला वाटते, पदनाम कामापेक्षा माणूस दारापासून किती लांब बसतो हे सांगते. 2011मध्ये मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 93,56,962 भरली. या आकड्याचे विश्लेषण पुष्कळांनी केले. पण त्याआधी कुणा प्रगणकाने दार वाजवून तो लिहून घेतला होता.