सीमेवरील रोपे आणि प्राणी : विलगीकरण कायद्यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

परदेशी स्थायिक झालेल्या मुलीकडे निघालेले आईवडील सामानात कढीपत्त्याची डहाळी ठेवतात. नोकरीनिमित्त युरोपात जाणाऱ्या कुटुंबाला घरचा कुत्रा बरोबर न्यावयाचा असतो. सीमेवर दोघांकडेही प्रमाणपत्रे मागितली जातात आणि दोघांनाही ती केवळ कागदी अडवणूक वाटते. वस्तुतः या नियमांमागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. हा इतिहास मुख्यतः हानी झाल्यानंतर सुचलेल्या शहाणपणाचा आहे, आणि म्हणूनच प्रत्येक कायदा मागच्या संकटाकडे पाहत असताना नवे संकट दुसऱ्या दाराने आत येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

काचेची पेटी आणि द्राक्षवेल

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत जिवंत रोपे दूरच्या सागरी प्रवासात सहसा टिकत नसत. खारा वारा आणि गोड्या पाण्याचा तुटवडा यांमुळे बहुतेक रोपे वाटेतच मरत आणि त्यांच्यावरील कीडही त्यांच्याबरोबर नष्ट होई. हा नैसर्गिक अडसर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बंद काचेच्या पेटीने दूर केला. १८३३ साली अशा पेट्यांतून लंडनहून सिडनीला पाठविलेली रोपे सुखरूप पोहोचली. पुढे वाफेवर चालणाऱ्या जहाजांनी प्रवासाचा काळही घटविला. रोपांबरोबर त्यांच्या किडीही आता जिवंत उतरू लागल्या.

अमेरिकन द्राक्षवेलींबरोबर फ्रान्समध्ये आलेल्या फायलॉक्सेरा किडीने १८६० च्या दशकापासून तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. याच सुमारास, १८६९ साली, श्रीलंकेतील कॉफीच्या मळ्यांवर तांबेरा रोग दिसून आला. पुढील काही दशकांत तेथील कॉफीची जागा चहाने घेतली. फायलॉक्सेराच्या निमित्ताने १८७८ आणि १८८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय करार झाले. परदेशी पाठवावयाच्या रोपांसोबत अधिकाऱ्याचा दाखला असावा, ही कल्पना १८८१ च्या करारात आढळते. आजच्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राचे बीज तेथे आहे. परंतु हा करार होईपर्यंत युरोपातील द्राक्षमळ्यांची हानी होऊन चुकली होती.

बुळकांडी आणि पिसाळलेला कुत्रा

प्राण्यांच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. १९२० साली भारतातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरावर उतरविली गेली आणि त्यांच्याबरोबर आलेली बुळकांडी बेल्जियममध्ये पसरली. या आपत्तीतून २५ जानेवारी १९२४ रोजी पॅरिस येथे २८ देशांच्या करारान्वये आंतरराष्ट्रीय पशुरोग संघटना स्थापन झाली. जी बुळकांडी या संस्थेच्या जन्मास कारण ठरली, तिचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ साली झाली. भारतातील गुरांच्या प्रवासाने सुरू झालेल्या या कथेचा शेवट तरी सुखद झाला.

ब्रिटनने १९०२ पर्यंत रेबीजचे उच्चाटन केले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हा रोग तेथे परतला. परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेली कुत्री त्यास कारणीभूत मानली जातात. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या कुत्र्यास सहा महिने विलगीकरणात ठेवण्याचा नियम तेथे दीर्घकाळ पाळला गेला. क्वारंटाईन हा शब्द ज्या इटालियन संख्येवरून आला ती चाळीसची. येथे मात्र मुदत त्याच्या चौपटीहून अधिक होती. २००० साली काही देशांतून येणाऱ्या प्राण्यांसाठी मायक्रोचिप, लसीकरण आणि रक्तचाचणी यांनी या कोंडवाड्याची जागा घेतली.

भारत : सोंडकिडा थांबला, गवत आले

भारतात १८९८ साली पशुधन आयात अधिनियम झाला. वनस्पतींच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतून येणाऱ्या कापसाच्या गाठींना धुरी देणे बंधनकारक झाले. बोंडे नासविणारा मेक्सिकन सोंडकिडा भारतात शिरू नये, हा त्यामागील हेतू. हे पाऊल संकट येण्यापूर्वी उचलले गेले आणि तो सोंडकिडा आजही भारतात नाही. या अपवादाची दखल घेतली पाहिजे. त्यानंतर ३ फेब्रुवारी १९१४ रोजी विनाशक कीटक व उपद्रव अधिनियम संमत झाला.

या अधिनियमाचे लक्ष पिकांवरील कीटक, बुरशी व तत्सम उपद्रवांवर होते. तणांच्या बियांचा त्यात स्वतंत्र उल्लेख नव्हता. ही उणीव महाराष्ट्राला महागात पडली. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. एस. राव यांनी भारतातील नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद केली. हे गवत 'पीएल-४८०' च्या गव्हाबरोबर आले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. तथापि त्या योजनेखालील भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे. म्हणजे पुण्यातील गवत त्या कराराच्या आधीचे आहे. १९५१ साली अमेरिकेकडून कर्जाऊ घेतलेल्या धान्याबरोबर अथवा अन्य मार्गाने ते आले असणे शक्य आहे. प्रचलित समज मात्र कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. दोष एका योजनेवर टाकल्याने मूळ प्रश्न झाकला जातो. खाण्यासाठी येणारे धान्यही बी वाहून आणू शकते, याचा विचार त्या काळच्या व्यवस्थेत पुरेसा नव्हता. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशात तणांची स्वतंत्र अनुसूची आली. तोवर गाजर गवत देशभर पसरले होते. त्याच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतून झायगोग्रामा भुंगेरे आणले गेले आणि चाचण्यांनंतर १९८४ साली बंगळूर परिसरात सोडण्यात आले. सीमा ओलांडलेल्या एका जीवाला आवरण्यासाठी दुसऱ्यास सीमा ओलांडू द्यावी लागली.

समारोप

आज आपण पाठविणाऱ्यांच्याही भूमिकेत आहोत. फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. कोकणातील बागायतदारास त्या हंगामात हा नियम अन्यायाचा वाटला असल्यास नवल नाही. भारतातून युरोपीय संघात नेल्या जाणाऱ्या कुत्र्यासाठी मायक्रोचिप व रेबीजची लस आवश्यक असते. लस दिल्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासावे लागते आणि त्यापुढे तीन महिने थांबावे लागते. प्रवास ठरल्यावर नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी ही तयारी सुरू करावी लागते.

आणि कढीपत्त्याची ती डहाळी? कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातील आहे. त्यावर जगणारी सिट्रस सिल्ला ही कीड संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाची वाहक असते. ही कीड फ्लोरिडात १९९८ साली आढळली आणि २००५ साली हा रोगही तेथे आढळला. तेथील संत्र्याच्या बागा अद्याप त्यातून सावरलेल्या नाहीत. त्यामुळे ताजा कढीपत्ता प्रवाशाच्या सामानातून नेण्यास अमेरिकेत मनाई आहे. त्या डहाळीमागे आईची माया असते, हे खरे. परंतु पानांवरील किडीस ती माया कळत नाही. विलगीकरणाचा नियम प्रवाशाच्या हेतूवर संशय घेत नाही. एखाद्या समाजाने सोसलेल्या हानीची तो आठवण ठेवतो, आणि आपल्या सोयीसाठी त्याकडे दुर्लक्ष करणारा त्या हानीची पुनरावृत्ती ओढवून घेतो.