कॅनबेरा : एका इंजिनावरचे उड्डाण

कॅनबेरा हे भारतीय हवाईदलाचे पहिले जेट बॉम्बर विमान. ते ब्रिटनच्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने बनवले. पहिले उड्डाण १३ मे १९४९ रोजी झाले. भारतात ते १९५७ ते २००७ अशी पन्नास वर्षे सेवेत होते. दोन्ही पंखांत एकेक रोल्स-रॉइस एव्हन इंजिन असे. त्यातले एक हवेत बंद पडले, तरी दुसऱ्यावर तळ गाठता येई. कागदावर ही सोय सरळ दिसते. कॉकपिटमध्ये ती वैमानिकाच्या पायातल्या जोरावर चालत असे.

याचे भारतातले सर्वांत बोलके उदाहरण कारगिल युद्धाचे आहे. २१ मे १९९९ रोजी १०६ व्या स्क्वॉड्रनचे एक कॅनबेरा बटालिक भागाची छायाचित्रे घेत होते. हवाईदलाचे हल्ले २६ मे रोजी सुरू झाले. त्याआधी शिखरांवर कोण, कुठे आणि किती संख्येने दबा धरून आहे याचा अंदाज घ्यायचा होता. विमान बॉम्बर कुळातले असले, तरी हा अवतार टेहळणीचा. स्क्वॉड्रन लीडर ए. पेरुमल वैमानिक होते आणि स्क्वॉड्रन लीडर यू. के. झा नॅव्हिगेटर. खालून खांद्यावरून डागलेले स्टिंगर क्षेपणास्त्र उजव्या इंजिनावर आदळले. सपाट प्रदेशात, शिखरांच्याही वरच्या उंचीवर उडणारे विमान स्टिंगरच्या टप्प्याबाहेर राहिले असते; इथे मात्र ते डागणारा स्वतःच डोंगरावर, पाच हजार मीटरच्या आसपास बसलेला.

स्टिंगर उष्णतेचा माग काढत जाते, म्हणून ते इंजिनाकडेच वळले. कॅनबेराची इंजिने धडाला चिकटलेली नसून पंखात, बरीच बाहेरच्या बाजूला असतात आणि दोघे कर्मचारी पार पुढे नाकाशी बसतात. ही मांडणी त्या दिवशी कामी आली असे म्हणायला हरकत नाही. पेरुमल यांनी उरलेल्या डाव्या इंजिनावर विमान श्रीनगरला आणून उतरवले. दोघेही सुखरूप होते.

पण इंजिने बाहेरच्या बाजूला असण्याची किंमतही मोजावी लागते. उजवे इंजिन गेले की डावे विमानाला एकाच बाजूने रेटते, आणि हा रेटा थोडाथोडका नाही, पूर्ण शक्तीवर सुमारे ३,३५० किलोंचा. विमानाचे नाक उजवीकडे ओढले जाते, पाठोपाठ उजवा पंख खाली जाऊ लागतो. वैमानिकाने डावे पेडल दाबून शेपटीवरचे सुकाणू फिरवायचे आणि तसेच धरून ठेवायचे. कॅनबेराच्या सुकाणूला हायड्रॉलिकची मदत नव्हती. ट्रिम लावून भार हलका होई, पण बाकीचा जोर मांडीतूनच यायचा. कोणते इंजिन बंद पडले हे गोंधळाच्या क्षणी ओळखण्याचा वैमानिकांचा जुना आडाखाही पायावरच बेतलेला आहे : जो पाय रिकामा, त्या बाजूचे इंजिन मेलेले.

खरा घात उतरताना होतो. सुकाणूचा प्रभाव वेगावर अवलंबून असतो. वेग एका मर्यादेखाली गेला की पेडल तळापर्यंत दाबूनही नाक आवरत नाही. अशा वेळी धावपट्टी जवळ आलेली, विमान जरा खाली गेलेले, आणि हात आपसूक थ्रॉटल पुढे ढकलायला जातो. चांगले इंजिन एकदम पूर्ण जोराने ओढू लागले की विमान मेलेल्या इंजिनाच्या बाजूला उलटते. जमीन जवळ असताना ते सावरायला जागाच उरत नाही. म्हणून एका इंजिनावर उतरताना वेग राखून यायचे आणि ठरावीक उंचीखाली आल्यावर पुन्हा वर उठण्याचा विचार सोडून द्यायचा, असा शिरस्ता होता. एक इंजिन मुद्दाम मंद ठेवून केलेल्या सरावांतच ब्रिटिश हवाईदलाने मीटिअर आणि कॅनबेरा या दोन्ही विमानांवरची कितीतरी माणसे गमावली.

महाराष्ट्रात कॅनबेराचे घर म्हणजे पुण्याचे लोहगाव. ३५ वे स्क्वॉड्रन तिथे दीर्घकाळ होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्तीच्या कारवाईत विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा पुण्याहून निघाली आणि दाभोळी विमानतळाच्या धावपट्टीवर त्यांनी ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंच आहे. एप्रिल-मेच्या उन्हात तिथली हवा आणखी विरळ होते आणि जेट इंजिनाचा जोर घटतो. भरल्या टाक्यांनी उडताना एक इंजिन गेले तर दुसऱ्यावर किती चढता येईल, हे गणित त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या तळापेक्षा इथे अवघड. लोहगावहून पश्चिमेला सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत कोकणातल्या पेण तालुक्यातले जिते हे गाव येते. कॅनबेराला हे अंतर सात-आठ मिनिटांचे. पण समुद्राकडून एका इंजिनावर परतताना मध्ये सह्याद्रीची भिंत उभी राहते.

लोहगावला कॅनबेराआधी चार इंजिनांची लिबरेटर विमाने होती. महायुद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेली ही अमेरिकी बॉम्बर विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने पुन्हा उभी केली. ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेण्याचे जिवावरचे काम कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. १९५१ मध्ये पुण्यात ६ वे स्क्वॉड्रन उभे राहिले ते हीच विमाने घेऊन, सागरी टेहळणीसाठी. पंख्याच्या विमानात इंजिन बंद पडले की आधी पंख्याची पाती हवेच्या दिशेला कडेने वळवावी लागतात. नाहीतर रिकामा फिरणारा पंखाच विमानाला मागे खेचतो. जेटमध्ये ही कटकट नाही.

दुसरे इंजिन नसले तर काय होते, हे कारगिलमध्येच सहा दिवसांनी दिसले. २७ मे १९९९ रोजी फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता यांच्या मिग-२७ चे एकुलते इंजिन रॉकेट डागल्यानंतर बंद पडले. त्यांना इजेक्ट व्हावे लागले आणि ते पाकिस्तानच्या हाती सापडले. पुण्याच्या आठवणीतले नाव मात्र पद्मनाभ गौतम यांचे. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत कॅनबेरा उडवून दोनदा महावीरचक्र मिळवलेले हे अधिकारी २५ नोव्हेंबर १९७२ रोजी पुण्यात एकाच इंजिनाचे मिग-२१ उडवताना, ते इंजिन बंद पडून मृत्युमुखी पडले.

कारगिलला कॅनबेरा परत आणणाऱ्या १०६ व्या स्क्वॉड्रनने त्याआधी वेगळा शेवटही पाहिला होता. १० एप्रिल १९५९ रोजी त्यांचे एक विमान रावळपिंडीवर पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानाने पाडले. स्क्वॉड्रन लीडर सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट रामपाल हे दोघेही इजेक्ट होऊन वाचले, पण विमान गेले. या स्क्वॉड्रनची शेवटची कॅनबेरा ११ मे २००७ रोजी आग्र्याला निवृत्त झाली.